सालेमच्या गाडीचा चेसिस नंबर

लोकांना नापास करण्याचा पगार मी सव्वीस वर्षं घेतला. शाळेत मास्तर नव्हतो, अल ऐनला गाड्यांच्या पासिंगला इन्स्पेक्टर होतो. सकाळी सातला निळा डगला चढवायचा, टॉर्च खिशात घालायचा आणि समोर येईल त्या गाडीत खोट शोधायला लागायचं. माझी बायको फिलोमिना म्हणते, ही सवय घरी आणू नकोस असं मी तुला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. पण अजूनही मासळीचं कालवण पुढे आलं की मी आधी वास घेतो आणि मग जेवायला बसतो, हे खरं आहे.

दुबईकडची मंडळी अल ऐनला चेष्टेने झोपलेलं गाव म्हणतात. मी पहिली दोन वर्षं दुबईत, देऱ्याच्या गजबजाटात, आठ जणांच्या खोलीत काढली होती, त्यामुळे मला ती झोप फार मानवली. आमचं काम साधं होतं. गाडीचा कागद, ज्याला तिथे सगळे मुलकिया म्हणतात, नवा करायचा तर जुनी गाडी आधी आमच्या लेनमधून जायला हवी. चाकं रोलरवर चढवून ब्रेक बघायचे, दिव्यांचा झोत बघायचा, खड्ड्यात उतरून खालून एकेक सांधा हलवून बघायचा. धड असेल तर पास. नसेल तर नापास, आणि ठरलेलं वाक्य: "दुरुस्त करा, महिन्याभरात परत आणा." महिन्याभरात आणली तर पुन्हा फी नाही, म्हणून लोक निमूट परत यायचे. हे वाक्य मी मराठी, हिंदी, इंग्रजी आणि मोडक्या अरबीत इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही बरळायचो म्हणे.

गिऱ्हाइकं एकेक अजब. एका दिवसात तीन गाड्या आल्या, तिन्हींचे टायर नवेकोरे. तिसरीच्या वेळी माझी ट्यूब पेटली, कारण डाव्या मागच्या टायरवर हिरव्या रंगाचा तोच ठिपका होता. तिघे दोस्त मागच्या पार्किंगमध्ये एकच संच फिरवत होते! दुसऱ्या एका स्थानिक पोराच्या मागच्या सीटवर डोळ्यांवर टोपी घातलेला ससाणा बसलेला. मी म्हटलं, आधी याला उतरव, मग गाडी लेनमध्ये घे. तो म्हणाला, "मिस्टर, याचा पासपोर्ट आहे," आणि खरोखरच पक्ष्याचा पासपोर्ट काढून दाखवला. मुलकिया मात्र घरी विसरला होता. बोला आता!

पण माझी खरी प्रीती चेसिस नंबरवर. गाडीचा रंग बदलतो, इंजिन बदलतं, मालक तर बदलतोच. सांगाड्यावर कारखान्यात ठोकलेला नंबर हीच काय ती तिची ओळख. वसईत आयटीआय करून मी ज्या गॅरेजात लागलो तिथल्या मिस्त्रीने शिकवलं होतं, की नंबर डोळ्याने वाचू नकोस, त्यावर पातळ कागद धर आणि पेन्सिल आडवी घास. कागदावर उठेल तेवढंच खरं. पुढे अल ऐनला कॅमेरे आले, टॅब आले, तरी माझ्या खिशात पेन्सिल आणि पातळ कागदाचं पॅड असायचंच. नवी मुलं हसायची. हसा लेको, मी म्हणायचो, आणि घासत राहायचो.

आणि ज्या एका गाडीचा छाप मी घेतला नाही, तीच माझ्या नशिबी आली.

सालेम म्हणजे अल ऐनचाच माणूस, शाळेत शिक्षक होता, नुकताच निवृत्त झालेला. आमच्या पिढीचे स्थानिक लोक सर्रास हिंदी बोलतात, तसा तोही. एका ऑगस्टमध्ये तो क्रेनवर घालून एक अमेरिकन पिकअप घेऊन आला, पन्नासेक वर्षं जुनी. पत्रा कुजलेला, काचा नाहीत, सीटवर कबुतरांनी संसार थाटलेला.

"ये मेरा बाप का है," तो म्हणाला. "खजूर, बकरी, हम सात भाई-बहन, सब इसमें. अब मैं इसको हॉट रॉड बनायेगा."

हॉट रॉड म्हणजे काय, ते माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. म्हाताऱ्या गाडीचं फक्त शरीर ठेवायचं, आत आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन बसवायचं, पुढून खाली वाकवायची, मागे रुंद टायर घालायचे आणि सगळीकडे असा रंग द्यायचा की बघणाऱ्याने थबकावं. हौस म्हणून ठीक आहे, पण ती रस्त्यावर आणायची तर माझ्यासारख्यांचे दोन अडथळे ओलांडायचे. बांधायच्या आधी मूळ गाडी आणून दाखवायची, आम्ही नंबर तपासून अहवाल द्यायचा, मग बदल करायला परवानगी. बांधून झाली की पुन्हा आणायची. इंजिनाचे कागद, ब्रेक, वेल्डिंग, पट्टे, सगळं तपासून मग मुलकिया.

पहिल्या तपासणीत इन्स्पेक्टरचं आणखी एक काम असतं. सांगाड्यावरचा नंबर शोधून त्याभोवती पिवळ्या रंगाने गोल काढायचा. गॅरेजवाल्याला कळावं, की बाबा रे, इथे हात लावू नकोस.

त्या दिवशी उकाडा असा होता की टॉर्चसुद्धा हाताला चटका देत होता. सांगाड्यावर चिखल, ग्रीस, विष्ठा, सगळ्याचा बोटभर थर. मी वाकलो, चाकाजवळ थोडं खरवडलं, काही दिसेना. मागे दोन क्रेनवाले हॉर्न मारत होते. सालेमने थर्मासमधला कहवा ओतून दिला, वडिलांच्या गोष्टी काढल्या. मी उठलो. जुन्या मुलकियावरून नंबर उतरवला आणि समोरच्या रकान्यात खूण केली: पाहिला, जुळला. छाप नाही, पिवळा गोल नाही. यल्ला, पुढची गाडी!

गाडी सनायामध्ये, म्हणजे तिथल्या गॅरेजांच्या वस्तीत गेली. तिथे दत्ताराम होता. कुडाळकडचा डेंटर, पत्र्याचं काम करणारा, चाळीस वर्षं आखातात. त्याला आधीपासून ओळखत होतो, कारण त्याने सरळ केलेली गाडी कुठून ठोकली होती हे मलासुद्धा शोधायला लागायचं. त्याच्याइतका काटेकोर कारागीर मी पाहिला नाही. अंगठा पत्र्यावरून फिरवायचा आणि डोळे मिटून खळगा सांगायचा.

आठ महिने तो त्या पिकअपवर होता. मी शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चहून येताना कधीकधी डोकावायचो. फिलोमिना गाडीत बसून वैतागायची. "सुट्टीच्या दिवशीपण गाड्याच बघ तू," म्हणायची. दत्ताराम माझ्याशी मालवणीतच बोलायचा. मला सगळी येत नाही, पण समजते.

"सायबा, मोडलेल्यो गाडयो चाळीस वर्सां सरळ केलंय," एकदा तो म्हणाला. "मुळापासून केलेली ही एकच. पास झाली की नंबरप्लेट लावलेल्या गाडयेत बसान एक फेरी मारतलंय आणि मगे घराक जातलंय."

त्याची साठी उलटली होती. कंपनीने व्हिसा रद्द करायला घेतला होता, तिकीट निघालं होतं. गाडी दुसऱ्या तपासणीला आली तेव्हा त्याच्या विमानाला बारा दिवस होते.

काय गाडी होती, देवाशपथ! पिकलेल्या जांभळाचा रंग. सालेमने नवं धोतर नेसलेल्या नवरदेवासारखं तिला हळू हळू लेनमध्ये आणलं. आमची अख्खी पाळी काम सोडून गोळा झाली. रोलरवर ब्रेक पास, दिवे पास, वेल्डिंग तर असं की मी टॉर्च फिरवून फिरवून बघितलं तरी खोट सापडेना. दत्ताराम कठड्याबाहेर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

मग मी पेन्सिल काढली आणि सांगाड्यापाशी वाकलो.

सांगाडा आरशासारखा गुळगुळीत. इकडे हात फिरवला, तिकडे फिरवला. नंबर नाही.

दत्तारामला आत बोलावलं. म्हटलं, "हयसर नंबर होतो, तो खय गेलो?" माझी मालवणी ऐकून एरवी तो हसायचा. तेव्हा हसला नाही. चष्मा लावून वाकला, अंगठा फिरवला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"खड्डे होते थंय," तो म्हणाला. "गंजाचे बारीक बारीक खड्डे. ग्राइंडर मारलंय, पुट्टी भरलंय... माका वाटला गंज, सायबा."

चाळीस वर्षं ज्याने खळगा दिसला की भरला, त्याने गाडीची ओळखच खळगा समजून भरून टाकली होती. दुसरा कोणी आळशी कारागीर असता तर नंबर शाबूत राहिला असता. तिथल्या तिथे रंग आणि पुट्टी काढायला लावली. तीन आकडे अर्धवट दिसत होते, बाकी सपाट.

नंबर घासलेली गाडी म्हणजे चोरीचा संशय. नियमच तसा आहे आणि तो बरोबर आहे. गाडी अडकली, प्रकरण पोलिसांकडे गेलं. आता कागदावरची गोष्ट बघा. आठ महिन्यांपूर्वी इन्स्पेक्टर इग्नास, म्हणजे मी, लिहून देतो की नंबर आहे, पाहिला, जुळला. आज नंबर नाही. मधे गाडी कोणाच्या हातात होती? दत्तारामच्या. दुसऱ्या दिवसापासून त्याला चौकशीला बोलावणं येऊ लागलं. अधिकारी नीट बोलत होते, चहा देत होते, पण प्रश्न एकच: घासायला कोणी सांगितलं? आणि प्रकरण मिटेपर्यंत देश सोडता येणार नाही.

एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. नंबर मी पाहिलाच नव्हता, गोल काढला नव्हता, त्या माणसाला कळणार कसं? एवढंच. पण हे बोलायचं म्हणजे मी खोटा अहवाल दिला हे कबूल करायचं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मुलगी शेरॉन कॉलेजात. मी स्वतःला समजावत होतो, की पोलीस शोधून काढतील, सालेमची ओळख आहे, होईल इन्शाल्ला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मी लेनमध्ये उभा राहून लोकांना टायरवरून नापास करत होतो. तेव्हा माझी मला किळस यायची, आणि तरी मी गप्प होतो.

तिसऱ्या दिवशी दत्तारामचा फोन आला. म्हणाला, "सायबा, तुमी तरी सांगा तेंका, मी चोर नाय." मी "हो, बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. हे "बघतो" मला अजून ऐकू येतं.

चौथ्या दिवशी जेवताना ताट सरकवलं. फिलोमिना म्हणाली, "आता काय खोट निघाली कालवणात?" तेव्हा सगळं सांगून टाकलं. शेरॉन मोबाइलमधून मान वर करून म्हणाली, "पप्पा, यू फेल पीपल फॉर लेस." आमच्या घरी मी मराठीत ओरडतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते, हे नेहमीचं. त्या दिवशी ओरडायला तोंड नव्हतं.

"उद्या सकाळी जा," फिलोमिना म्हणाली. "नोकरी गेली तर वसईला घर आहे. त्याचं नाव गेलं तर तो काय घेऊन घरी जाणार?"

पाचव्या दिवशी सकाळी मी आधी मॅनेजरकडे आणि मग त्याच्याबरोबर पोलिसांकडे गेलो. लिहून दिलं. पोलीस अधिकाऱ्याने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "चार दिवस काय करत होतास?" उत्तराची वाट न बघता त्याने कागदावर शिक्का मारला. सालेमला कळलं तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्या जबाबानंतरच सांगाडा प्रयोगशाळेत गेला, तोवर सगळे घासायला लावणाऱ्याच्याच मागे होते. लोखंडावर आकडा ठोकला की त्याचा मार आतपर्यंत जातो. वरचं घासलं तरी आतलं लोखंड दबलेलंच राहतं आणि तेजाब लावला की तो दबलेला भाग आधी खातो आणि आकडा हळूहळू पुन्हा दिसायला लागतो. मी इतकी वर्षं त्या धंद्यात, पण हे मला माहीत नव्हतं. त्यांना सवड मिळायला, तपासायला, अहवाल लिहायला दिवस लागले. दत्तारामवरचा संशय निघाला आणि त्याला जायची मोकळीक मिळाली. व्हिसा संपत आल्याने त्याला थांबता येत नव्हतं, आणि अहवाल मात्र त्याचं विमान सुटल्यावर दोन दिवसांनी आला. नंबर अख्खा उठला होता, मुलकियाशी जुळला होता. गाडी पास.

दोन दिवस. मी चार दिवस खाल्ले होते. हिशेब पोराटोरालाही कळेल असा आहे.

दत्तारामला विमानतळावर सोडायला मी गेलो नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. सालेमने गाडी रस्त्यावर काढली त्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ काढून त्याला पाठवला, हे मला सालेमनेच सांगितलं. मला लेनमधून उचलून सहा महिने काउंटरवर बसवलं, इशाऱ्याचं पत्र मिळालं. नोकरी राहिली. पण काउंटरवर जायच्या आधी एक काम केलं. सालेमच्या परवानगीने सांगाड्याशी वाकलो, पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. काही आकडे ठळक, काही अगदी फिकट, पण उठले सगळे. तो कागद जपून ठेवला.

निवृत्त होऊन वसईला आलो आणि वर्षभर तो कागद बायबलमध्ये पडून राहिला. रोज प्रार्थनेला पुस्तक उघडलं की समोर. शेवटी फिलोमिना म्हणाली, "एक तर जा, नाहीतर तो कागद दुसरीकडे ठेव. मला देवाचं वाचता येत नाही." मग गेलो, एकटाच.

दत्तारामचं घर रस्त्यापासून आत, फणसाच्या झाडाखाली. तो पडवीत बसून कोणाच्या तरी स्कूटरचा मडगार्ड ठोकत होता. मला बघून उठला, बायकोला हाक मारली, "अगो, इग्नाससायब इले! पानी हाड!" जणू मी कालच भेटलो होतो. मला ते जास्तच लागलं. मी बसलो नाही, आधी कागद काढून हातात दिला.

त्याने चष्मा शोधला नाही. अंगठा कागदावरून फिरवला, मग उजेडात धरला. मोठ्याने एकेक आकडा वाचला.

"एवढो घासलंय, तरी ऱ्हवलोच मरे!" तो म्हणाला आणि हसला. बायकोला दाखवला, शेजारच्याला हाक मारून दाखवला. "ह्यो माझ्या गाडयेचो नंबर." मग कागद नीट घडी करून खिशात ठेवला, आणि माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "पण सायबा, ते चार दिस तुमी खय होतास?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पोलिसांनी सांगितलं असेल, सालेमने सांगितलं असेल, काय फरक पडतो? वाटेत रचलेली सगळी वाक्यं मी विसरलो.

"घाबरलो होतो, दत्ताराम," मी म्हटलं. "माझी चूक होती आणि मी तुझ्यावर जाऊ दिली. तुझी फेरी माझ्यामुळे राहिली."

पाणी आलं, ते मी प्यायलो. त्याने पुन्हा हातोडी घेतली, मडगार्डवर दोन ठोके मारले, अंगठा फिरवून बघितला. माझ्या बाजूला बघेचना. मला वाटलं, खलास, आता उठावं. मी पिशवी उचलली.

तेव्हा तो म्हणाला, "नापास."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? पायरी उतरलो तर मागून वाक्य आलं, माझंच, सव्वीस वर्षं माझ्या तोंडात असलेलं, फक्त मालवणीत:

"म्हयन्याभरात परत येवा. बायलेक घेवन येवा."

सत्ताविसाव्या दिवशी आम्ही दोघं कुडाळला गेलो. फिलोमिनाने कालवण डब्यात भरून घेतलं होतं, आणि या खेपेला मी वास घेतला नाही.